पदवीच्या पुढील विद्येची तयारी

(पदवीच्या पहिल्या वर्षात शिकणारे बौद्ध विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्यापुढे वर्षावासातील व्याख्यानमालेत झालेले भाषण)



वर्षावासाच्या काळात विहारात धम्मग्रंथाचे वाचन व्हावे, अशी आपली रीत आहे. त्या रीतीस आज थोडा फाटा देऊन महाविद्यालयाच्या विषयपत्रकासंबंधी बोलण्याची परवानगी भन्तेजींनी मला दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. विहार आणि विद्यालय यांच्यामध्ये भिंत घालणे ही बौद्धांची परंपरा नव्हे. नालंदा हे महाविहारच होते, आणि तेथे विद्यार्थी दूरदूरच्या देशांतून विद्येसाठी येत असत. तेव्हा या जागी परीक्षा, गुण आणि दाखले यांची चर्चा केली तर जागेचा अवमान होईल, असे मला वाटत नाही.

गेल्या जून महिन्यात एक गृहस्थ माझ्याकडे आले. व्यवसायाने गवंडी. सोबत मुलगा होता आणि मुलाची गुणपत्रिका पावसाने भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेली होती. मुलगा अर्थशास्त्र घेऊन बी. ए. प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालेला. ते गृहस्थ म्हणाले, "सर, पोरगा बी. ए. झाला. आता याला दिल्लीला मोठ्या कॉलेजात घालायचाय. कसं करायचं सांगा." मी मुलाला विचारले, "गणित कुठपर्यंत केलेस?" तो म्हणाला, "दहावीपर्यंत." अकरावीस गणित सोडले तर पुढचा अभ्यास हलका जातो, असे त्याला कोणीतरी सांगितले होते, आणि बी. ए. स असताना ते भरून काढण्याची संधी होती, हे कोणीच सांगितले नव्हते. ज्या संस्थांची नावे त्याने कागदावर लिहून आणली होती, तेथे अर्थशास्त्र हे गणिताच्या भाषेतच शिकवले जाते व प्रवेशपरीक्षेतही तीच भाषा विचारली जाते. हे मी सांगितले तेव्हा मुलगा खाली मान घालून बसला. बाप मात्र माझ्याकडे पाहून म्हणाला, "तेव्हा कुणी सांगितलं नाही."

मित्रहो, त्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते वाक्य पुढील वर्षी आणखी एखाद्या बापाच्या तोंडी येऊ नये, एवढ्याचसाठी मी आज येथे उभा आहे.

आपल्या समाजात पदवीला जे मोल आले, ते लढून आले आहे. १९४५ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेत पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्ध झालेले महाविद्यालय सुरू झाले. त्या काळात गावकुसाबाहेरील घरातील मुलगा पदवीधर होणे हीच एक क्रांती होती आणि बी. ए. ची पाटी दारावर लागली की सारी वस्ती ती पाहावयास येत असे. ती पाटी अजून आपल्या मनावर टांगलेली आहे. परंतु काळ पुढे गेला. आज पदवीधर घरोघरी आहेत. ज्या खुर्च्यांवर बसून अभ्यासक्रम ठरतात, पाठ्यपुस्तके लिहिली जातात, संशोधनाचे विषय मंजूर किंवा नामंजूर होतात, त्या खुर्च्यांकडे जाणारी वाट पदवीच्या पुढे सुरू होते. तेथे आपली माणसे थोडी आहेत. राखीव जागेसाठी "योग्य उमेदवार मिळाला नाही" हा शेरा आपण सर्वांनी ऐकलेला आहे. त्या शेऱ्यामागे पुष्कळ वेळा लबाडी असते, हे मी जाणतो आणि तिच्याशी लढलेच पाहिजे. पण ज्याच्या हाती तयारीचा कागद आहे, त्याला ती लढाई न्यायालयापर्यंत नेता येते. ज्याच्या हाती तो नाही, त्याची तक्रार दारातच अडते.

आता आपण बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहू. आपण जयंतीच्या दिवशी त्यांच्या पदव्यांची यादी मोठ्याने वाचतो, टाळ्या वाजवतो आणि एक अद्भुत घटना म्हणून तिला नमस्कार करून घरी जातो. मला हे योग्य वाटत नाही. त्यांच्या बुद्धीची बरोबरी कोणास करता येणार नाही हे खरे. परंतु त्यांची आखणी मात्र शिकण्यासारखी आहे.

१९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती तीन वर्षांची. परत आल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करावी, असा करार. म्हणजे वेळ मोजका आणि पायात बेडी. अशा स्थितीत सामान्य विद्यार्थी पदवीपुरते विषय घेऊन मोकळा होतो. बाबासाहेबांनी काय केले? त्यांनी तेथे एकंदर साठ अभ्यासक्रम घेतले. त्यांपैकी एकोणतीस अर्थशास्त्राचे, अकरा इतिहासाचे, सहा समाजशास्त्राचे, पाच तत्त्वज्ञानाचे, चार मानववंशशास्त्राचे, तीन राज्यशास्त्राचे आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन यांचा प्रत्येकी एक. ही संख्या नीट पाहा. जवळजवळ निम्मे अभ्यासक्रम एका विषयाचे आहेत, म्हणजे एक खोल विहीर खणलेली आहे. उरलेले त्या विहिरीच्या भोवतालची जमीन जाणण्यासाठी आहेत. १९१६ सालच्या मे महिन्यात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर जो निबंध वाचला, तो त्या चार मानववंशशास्त्रीय अभ्यासक्रमांच्या बाजूने आला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने जातिसंस्थेवर निबंध वाचावा आणि शंभर वर्षांनंतरही जगाने तो वाचत राहावे, ही किमया दुय्यम विषय विचारपूर्वक निवडण्याने घडली. फ्रेंच आणि जर्मन कशासाठी, असे कोणी विचारील. त्या काळी संशोधन करू इच्छिणाऱ्याला युरोपातील ग्रंथ मुळातून वाचता येणे आवश्यक समजले जाई. पुढील पायरीस काय लागेल हे पाहून मागील पायरीवर त्याची सोय करणे, यालाच मी आखणी म्हणतो.

आणखी एक प्रसंग सांगतो, तो फारसा सांगितला जात नाही. १९१६ साली ते लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये व ग्रेज इनमध्ये त्यांनी नाव घातले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परतणे भाग पडले. निघण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी मिळवून ठेवली. पुढे सिडनेहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पगारातून शिल्लक टाकली, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य झाले, नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये कर्ज घेतले, आणि १९२० साली, मुदतीच्या आत, ते पुन्हा लंडनला हजर झाले. १९२१ साली एम. एस्सी. आणि १९२३ साली डी. एस्सी. कोलंबियाची पीएच. डी. हाती पडावयास १९२७ साल उजाडले. ज्याच्यावर दारिद्र्याचा, नोकरीतील अपमानाचा आणि कुटुंबाचा असा तिहेरी भार होता, त्याने आपल्या विद्येचे दार उघडे राहावे म्हणून निघतानाच दारात पाचर मारून ठेवली. आपली मुले घरच्या अडचणीने एक वर्ष शिक्षण सोडतात तेव्हा महाविद्यालयात साधा अर्जही देऊन येत नाहीत. नाव कटते, जागा जाते, शिष्यवृत्ती तुटते. म्हणून मी पालकांना सांगतो, अडचण आली तर शिक्षण सोडण्यापूर्वी कार्यालयात जाऊन परतण्याची वाट लेखी विचारून घ्या.

आता तुमच्या विषयांकडे वळू. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीत एक मुख्य विषय, म्हणजे मेजर, आणि एक दुय्यम, म्हणजे मायनर, घ्यावा लागतो. बहुतेक विद्यार्थी मायनर कसा निवडतात? मित्राने घेतला म्हणून, नाहीतर त्या विषयाचे शिक्षक गुण सढळ देतात म्हणून. दुय्यम विषय हा पुढच्या विद्येचा खरा सांधा आहे. अर्थशास्त्रात पुढे जावयाचे असेल तर गणित किंवा संख्याशास्त्र दुय्यम घ्या. आपल्या महाविद्यालयात ते उपलब्ध नसेल तर कलनशास्त्राची मूळ पुस्तके घेऊन विज्ञान शाखेच्या एखाद्या शिक्षकाच्या दारात बसा. राज्यशास्त्र मुख्य असेल तर इतिहास किंवा अर्थशास्त्र जवळ ठेवा. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने आकडे वाचावयास शिकलेच पाहिजे, कारण जनगणनेचा तक्ता ज्याला वाचता येत नाही, त्याला आपल्याच समाजाची स्थिती दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागते. विज्ञानाच्या मुलांनी भौतिक, रसायन व गणित यांची जोडी मोडताना दहा वेळा विचार करावा. आय. आय. टी. तील एम. एस्सी. साठी जॅम नावाची परीक्षा असते. तिचा अभ्यासक्रम पहिल्याच वर्षी उतरवून घ्या आणि भिंतीवर चिकटवा. प्रवेशाच्या अटी शेवटच्या वर्षी वाचणारा विद्यार्थी म्हणजे गाडी सुटल्यावर वेळापत्रक पाहणारा प्रवासी होय.

एका विषयासंबंधी मला अंमळ रेंगाळावेसे वाटते. तो पाली. शाळेत असताना बाबासाहेबांना संस्कृत शिकू दिले गेले नाही. त्यांना फार्सी घ्यावी लागली, हे तुम्ही जाणता. पालीचा व्यासंग त्यांनी राजकारण, कायदा आणि आजारपण यांच्या गर्दीत केला, आणि त्यांनी तयार केलेला पाली शब्दकोश त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात आला आहे. त्याआधी गोव्याचे धर्मानंद कोसंबी घरदार सोडून सिंहलद्वीपात गेले, १९०२ साली तेथे प्रव्रज्या घेतली, पाली शिकले, पुढे पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात ती शिकवली आणि हार्वर्ड विद्यापीठात विसुद्धिमग्गाच्या संपादनाचे काम केले. २०११ च्या जनगणनेत भारतात चौऱ्याऐंशी लाखांहून अधिक बौद्धांची नोंद झाली. त्यांतील पासष्ट लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात आहेत. आणि तरीही जगातील विद्यापीठांत बौद्ध विद्येच्या अध्यासनांवर आमच्या वस्तीतून गेलेली माणसे किती आहेत, हा प्रश्न आपण स्वतःला विचारीत नाही. २०२४ साली केंद्र सरकारने पालीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. दर्जा मिळाला, तो वापरणारा कोण? मुंबई, पुणे आणि नागपूर येथील विद्यापीठांत पालीचे विभाग आहेत. बिहारात नव नालंदा महाविहार आहे, कोलंबोत केलानिया विद्यापीठाची पाली व बौद्ध विद्येची पदव्युत्तर संस्था आहे. परंतु ध्यानात ठेवा की, एम. ए. स गेल्यावर पहिली विभक्ती शिकू म्हणणाऱ्यास तेथे फार कष्ट पडतात. युरोप-अमेरिकेत तर बौद्ध विद्येच्या संशोधकास पालीबरोबर संस्कृत आणि तिबेटी किंवा चिनी यांपैकी एखादी भाषा लागते. भाषा चार वर्षांत रुजते, चार महिन्यांत नाही. या सभेतील दोनच मुलांनी पहिल्या वर्षापासून पाली मनावर घेतली, तरी या विहारातील वंदना वीस वर्षांनी निराळ्या अर्थाने म्हटली जाईल.

काही कोरडी पण उपयोगाची माहिती देतो. पूर्वी तीन वर्षांची पदवी व दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण असा एकच रस्ता होता. आता चौथे वर्ष घेऊन ऑनर्स पदवी घेता येते व त्यानंतर एम. ए. किंवा एम. एस्सी. एका वर्षात करण्याची तरतूद आहे. पहिल्या सहा सत्रांत पंचाहत्तर टक्के मिळवणाऱ्यास चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी पंचाहत्तर टक्क्यांनी उत्तीर्ण होणारा थेट पीएच. डी. च्या प्रवेशास पात्र ठरू शकतो, आणि अनुसूचित जातींस त्यात पाच टक्क्यांची सवलत आहे. २०२४ पासून अशा विद्यार्थ्यास नेट परीक्षेसही बसता येते. याचा अर्थ असा की, पहिल्या सत्रातील गुण पुढे पाचव्या वर्षी तुमच्यासमोर येऊन उभे राहतात. "पहिलं वर्ष असंच जातं" हे वाक्य वसतिगृहात फार ऐकू येते. ते ज्याने प्रथम उच्चारले, त्याच्या बापाची बहुधा शेती असावी. आपल्याला ते परवडणारे नाही. एखादा विषय राहिला तर तो लगेच पुढच्या परीक्षेत सोडवा. ए. टी. के. टी. चे ओझे घेऊन कोणी उंच चढलेला मी पाहिला नाही.

चौथे वर्ष सर्वांनी घ्यावे, असे मात्र मी म्हणणार नाही. ज्या घरात धाकटी तीन भावंडे आहेत, तेथे तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडणे आणि दोन वर्षांचे एम. ए. चांगल्या विद्यापीठात करणे अधिक शहाणपणाचे ठरू शकते, विशेषतः आपल्या महाविद्यालयात संशोधनाचे मार्गदर्शक व ग्रंथालय नसेल तर. परदेशी जाण्याचा विचार असेल तर हिशेब बदलतो. इंग्लंडमधील विद्यापीठे आपली तीन वर्षांची पदवी साधारणपणे मान्य करतात, अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठे सोळा वर्षांचे शिक्षण मागतात. कोठे जावयाचे हे आधी ठरवा, वर्षे नंतर मोजा.

भाषेचा प्रश्न टाळून चालणार नाही. मराठी माध्यमातून शिकल्याची कोणी लाज बाळगू नये. परंतु केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी जी सी. यू. ई. टी. परीक्षा २०२२ पासून सर्रास वापरली जाते, तिच्या विषयांच्या प्रश्नपत्रिका मुख्यतः इंग्रजीत व हिंदीत असतात. नेटचेही तसेच. मराठीत उत्तम उत्तर लिहिणारा विद्यार्थी तेथे प्रश्नच न समजल्याने मागे पडतो. मी माझ्या विद्यार्थ्यांस एक साधी सवय लावतो. आपल्या विषयाचे इंग्रजी पुस्तक रोज दोन पाने वाचावयाचे आणि त्यांचा सारांश आपल्या मराठीत एका पानात लिहावयाचा. वर्षाअखेर त्या वह्या पाहिल्या की इंग्रजीही आलेले असते आणि मराठीतून विचार करण्याची शक्तीही गेलेली नसते.

आता शिक्षकांविषयी. आमची मुले वर्गात मागच्या बाकावर बसतात आणि तीन वर्षे प्राध्यापकांशी एक शब्द बोलत नाहीत. याला लाजाळूपणा म्हणणे हा अन्याय आहे. आडनाव विचारल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे ज्याने एकदा पाहिले, तो दुसऱ्यांदा पुढे होत नाही. मीही असाच मागे बसलेला आहे. माझ्या एका प्राध्यापकांनी माझे हजेरीवरील नाव तीन वर्षे चुकीचे वाचले आणि मी ते दुरुस्त केले नाही. पुढे शिफारसपत्र मागावयास गेलो तेव्हा त्यांना मी कोण हे आठवेना. त्यात त्यांचा दोष होताच, पण नुकसान माझे झाले. परदेशी विद्यापीठे दोन किंवा तीन शिक्षकांची शिफारसपत्रे मागतात. आपल्याकडेही संशोधनासाठी तुमची योग्यता जाणणारा कोणी असावा लागतो. कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजी चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या एका मुलाशी बोलले नसते, त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले नसते आणि पुढे त्याचे नाव सयाजीराव महाराजांपर्यंत नेले नसते, तर महिना पंचवीस रुपयांची ती पहिली शिष्यवृत्ती कोठून आली असती? कोलंबियाच्या सेलिग्मन यांनी लंडनच्या फॉक्सवेल यांना आपल्या या विद्यार्थ्याविषयी पत्र लिहिले होते. प्रत्येक महाविद्यालयात एखादा केळुस्कर असतो. त्याची जात काय हे आधी पाहू नका. त्याच्याकडे प्रश्न घेऊन जा, लिहिलेला निबंध तपासावयास द्या, लाल शाईने भरून परत आला तर दुसऱ्यांदा लिहून न्या. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस तुमचे काम मनापासून जाणणारे दोन शिक्षक तयार झाले पाहिजेत.

यापुढचे बोलणे पालकांनी अधिक लक्ष देऊन ऐकावे, कारण ते कागदांविषयी आहे, आणि आमच्या कागदांचा इतिहास हा आमच्या धम्माचाच इतिहास आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या होत्या. १९५६ साली शीख त्यात आले. त्याच वर्षी नागपुरास आपण दीक्षा घेतली आणि केंद्राच्या दारातून एका दिवसात बाहेर पडलो. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर १९६० साली राज्य सरकारने आपल्या अखत्यारीतील सवलती बौद्धांस दिल्या. केंद्राने तो आदेश दुरुस्त करावयास १९९० साल उजाडावे लागले. मध्यंतरीच्या चौतीस वर्षांत किती बापांनी अर्जातील धर्माच्या रकान्यापुढे लेखणी थांबवली असेल, याची कल्पना करा. पोटासाठी जुना धर्म लिहावा की मुलाची केंद्राची शिष्यवृत्ती घालवावी? ज्यांनी जुना धर्म लिहिला, त्यांना मी दोष देत नाही. पण ज्यांनी "बौद्ध" लिहिले आणि मुलाची फी हमाली करून भरली, त्यांच्यामुळे आज तुम्हाला ती लेखणी थांबवावी लागत नाही.

तरीही घोळ संपलेला नाही. शाळेच्या दाखल्यावर कोठे नुसते "बौद्ध" असते, कोठे "हिंदू महार", कोठे दोन भावांच्या दाखल्यांवर दोन निराळ्या नोंदी. राज्याच्या प्रमाणपत्राचा नमुना वेगळा, केंद्राच्या नोकऱ्या व संस्था यांसाठी लागणारा नमुना वेगळा. पहिल्या वर्षीच दोन्ही काढून ठेवा. जात वैधता प्रमाणपत्रासाठी लागणारे आजोबा-पणजोबांचे पुरावे गावच्या शाळेच्या जुन्या वहीत असतात आणि ती वही वाळवीच्या आधी आपण गाठली पाहिजे. नावाचे इंग्रजी स्पेलिंग सर्व कागदांवर एकच असू द्या. हे क्षुल्लक वाटते, परंतु एका अक्षरासाठी प्रवेश गमावलेली मुलगी मी पाहिली आहे. एका कार्यालयातील लिपिकाने तिला, "तुम्ही तर धर्म बदललात, मग जात कशाला मागता?" असेही विचारले. तिने १९९० च्या दुरुस्तीची प्रत पिशवीतून काढून त्याच्या टेबलावर ठेवली. तो कागद तुमच्याही पिशवीत असावा.

पैशासंबंधी थोडक्यात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असणाऱ्या कुटुंबांस आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांस स्वाधार योजना आहे. पीएच. डी. साठी नेटमधून मिळणारी कनिष्ठ अधिछात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा सदतीस हजार रुपये झाली. त्याखेरीज अनुसूचित जातींची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आणि बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. या रकमा वेळेवर हाती पडतात, असे मी सांगितले तर ते खोटे होईल. २०२३ साली बार्टीच्या संशोधक विद्यार्थ्यांस मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले. २०१६ च्या जानेवारीत हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला आपल्यातून गेला, तेव्हाही थकलेल्या अधिछात्रवृत्तीचा प्रश्न होताच. म्हणून ज्या विद्यापीठात जाल, तेथील आपल्या विद्यार्थी संघटनेचा पत्ता प्रवेशाच्या अर्जाबरोबरच मिळवा. एकट्याने जाऊ नका आणि गेल्यावर एकटे राहू नका.

परदेशासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या शिष्यवृत्तीस पदवीला साठ टक्के गुणांची अट आहे, हे आतापासून ध्यानात असू द्या. या शिष्यवृत्तीच्या नियमांत २०२२ साली एक कलम घालण्यात आले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतासंबंधी सामाजिक अभ्यास हे विषय परदेशी शिकण्यासाठी ती मिळणार नाही, असे ते कलम. कारण असे देण्यात आले की, या विषयांसाठी देशातच पुरेशी साधने आहेत. आता पाहा. १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये जातींवर निबंध वाचणारा तो विद्यार्थी या कलमाखाली अर्ज करता तर त्याचे काय झाले असते? बडोद्याच्या महाराजांनी जे अडवले नाही, ते लोकशाही राज्याच्या कलमाने अडवावे, हे मला समजलेले नाही. आपल्या संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला पाहिजे. तोवर विद्यार्थ्याने काय करावे? ज्या वर्षी अर्ज करावयाचा त्या वर्षीची जाहिरात अक्षर न् अक्षर वाचावी आणि ज्याला जातीचाच अभ्यास परदेशी करावयाचा आहे, त्याने एकाच शिष्यवृत्तीवर भिस्त न ठेवता त्या त्या विद्यापीठांच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्यांची चौकशी दुसऱ्या वर्षापासून सुरू करावी.

दोन शब्द स्पर्धा परीक्षांविषयी, कारण ते न बोललो तर प्रश्नोत्तरांत हाच विषय निघेल. अधिकारी होण्याची इच्छा वाईट नाही. परंतु पदवी कशीबशी उरकून पुण्याच्या अभ्यासिकेत सहा-सात वर्षे काढणारी मुले मी पाहतो, आणि त्यांतील काहींची बुद्धी प्रयोगशाळेत किंवा ग्रंथालयात अधिक फळली असती असे मला वाटते. ज्याला ती परीक्षा द्यावयाची त्याने एम. ए. ला नाव घालून द्यावी. वय गेले तरी विद्या हाती राहील.

आणि मुलींच्या वडिलांना एक विनंती. मुलगी पदवीला आहे म्हणजे लग्न जमेपर्यंत ती कोठेतरी गुंतलेली आहे, असा हिशेब अजूनही आपल्या घरांत होतो. तुम्ही दीक्षेच्या वेळी बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत आणि त्यांत समतेची प्रतिज्ञा आहे. ती प्रतिज्ञा मुलीच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी लागू होते की नाही, याचे उत्तर तुम्ही मला देऊ नका, ते तुमच्या मुलीला द्या. वर्गात पहिली आलेली मुलगी आणि तिच्या लग्नासाठी काढलेले कर्ज, ही दोन्ही एकाच घरात मी पाहिलेली आहेत.

माझी वेळ संपत आली आहे. ज्या विद्यार्थ्यांनी आपल्या महाविद्यालयाचे विषयपत्रक आणि दहावी-बारावीच्या गुणपत्रिका सोबत आणल्या आहेत, त्यांनी त्रिसरण झाल्यावर शेजारच्या खोलीत यावे. दुय्यम विषय बदलण्याची मुदत पुष्कळ महाविद्यालयांत अजून संपलेली नसेल. तिची तारीख उद्या सकाळीच कार्यालयात विचारून घ्या. आज जे गवंडी गृहस्थ मी आरंभी सांगितले, ते मागच्या रांगेत धाकट्या मुलीला घेऊन बसले आहेत. ती यंदा अकरावीत आहे आणि तिने गणित घेतले आहे. तिचा थोरला भाऊ आता गणिताची जुनी पुस्तके घेऊन तिच्याबरोबरच बसतो, असे ते मला मघाशी सांगत होते. प्रथम त्यांच्याशी बोलतो, मग बाकीच्यांनी एकेक करून यावे.

नमो बुद्धाय. जयभीम.